चार मिलिमीटरचा थर

डॉ. मृणालिनी देवस्थळे यांनी तीन हजार चारशे बारा माणसं वाचवली असं मशीनने जाहीर केलं, त्या दिवशी मी सभागृहात दुसऱ्या रांगेत बसून कचोरी खात होतो. पहिल्या रांगेत त्यांचे सहलेखक होते. पाच जण. ज्या संशोधनाच्या पेपरामुळे ती माणसं वाचली, तो त्यातल्या तिघांनी छापून आल्यावरच पहिल्यांदा पाहिला, हे मी शपथेवर सांगतो, कारण त्यांच्या टेबलांवर छापील प्रती नेऊन ठेवणारा मीच होतो.

गावाचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तिथले लोक म्हणतील आमच्याकडे असं काही झालं नाही, आणि बाकीचे सगळे सुटतील.

मी दामोदर इंगोले. सरकारी मेडिकल कॉलेजच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात चौतीस वर्षं टेक्निशियन होतो. दहा वर्षांपूर्वी रिटायर झालो. माझं शिक्षण काय, कितवीत नापास झालो, ते सोडा. पेट्री डिशमधला जंतू मला डिग्री विचारत नव्हता.

आधी कसं होतं ते सांगतो. संशोधक किती मोठा, हे त्याचे पेपर किती आणि दुसऱ्यांनी आपल्या पेपरात त्यांचा उल्लेख किती वेळा केला, यावर ठरायचं. मग काय, तू माझा उल्लेख कर, मी तुझा करतो. विभागप्रमुखाचं नाव प्रत्येक पेपरवर, पण पेपर कशावर आहे हे त्यांना विचारायचं नाही. आमचे एक साहेब वर्षाला बावीस पेपर छापायचे. बावीस! वर्षभरात त्यांनी बावीस डिशची झाकणं उघडली नसतील.

मग 'माग' आला, म्हणजे ते मशीन. राज्यातल्या झाडून सगळ्या दवाखान्यांचे केसपेपर, लॅबचे रिपोर्ट, औषधांच्या नोंदी पंधरा वर्षांपासून कॉम्प्युटरवर होत्या. 'माग' ते सगळं वाचतो. एखादा पेपर छापून आला, वॉर्डापर्यंत पोचला, की डॉक्टर लोकांची औषधं लिहायची पद्धत बदलते. तो बदल मशीन पकडतं. मग जोड्या लावतं. सारख्या वजनाची, सारख्या आजाराची दोन बाळं, एक जिथे पेपर पोचला तिथलं, दुसरं जिथे पोचला नाही तिथलं. कोण जगलं, कोण गेलं. अशा लाखो जोड्या. त्यातून आकडा निघतो की या पेपरामुळे इतके जीव राहिले. उल्लेखांची मोजणी बंद झाली, बढत्या या आकड्यावर व्हायला लागल्या. बावीस पेपरवाल्या साहेबांचा आकडा निघाला शून्य. त्या दिवशी मी घरी शिरा केला होता.

आणि सोबत कायदाही झाला. आपल्या माणसाचं काय झालं, का झालं, कोणाच्या संशोधनामुळे झालं, याचं पत्र नातेवाइकांना मिळायला लागलं.

देवस्थळे मॅडमचा पेपर दोन हजार तेवीस सालातला. सात जिल्ह्यांतल्या नवजात बाळांच्या रक्तातले जंतू त्यांनी दोन वर्षं तपासले आणि लिहिलं की जुनं साधं इंजेक्शन अजून ऐंशी टक्के बाळांना लागू पडतं, मूत्रपिंडं खाणारी जालीम औषधं पहिल्याच दिवशी द्यायची गरज नाही. तो पेपर उपचारांच्या नियमावलीत गेला. त्यामुळे खरंच खूप बाळं सुखरूप घरी गेली. त्या दिवशी सभागृहात सोळा वर्षांची एक मुलगी आईबापांसोबत स्टेजवर आली आणि मॅडमच्या पाया पडली. मॅडम रडल्या. पुढच्या महिन्यात त्या राष्ट्रीय समितीच्या अध्यक्ष होणार होत्या. मीही टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू.

त्या पेपरच्या शेवटी बारीक अक्षरात एक ओळ आहे, 'तांत्रिक कर्मचाऱ्यांचे आभार'. तो कर्मचारी मी. एकटाच होतो, तरी अनेकवचन.

*

पुढच्या रविवारी रेवती आली. माझ्या वारलेल्या बहिणीची मुलगी. चौदा किलोमीटरवरच्या खेड्यात आशा वर्कर आहे. गावातल्या कोणत्याही बाईला कळा सुरू झाल्या की ही दारात हजर. लोक हसतात तिला, म्हणतात, हिला बाळाच्याही आधी कळते.

"मामा, हे वाचून तं पाहा," ती म्हणाली आणि पिशवीतून पत्र काढलं.

पत्र लॅमिनेट केलेलं होतं.

"हे कोणी केलं?"

"सासूनं. तालुक्याला जाऊन करून आणलं. खराब नको व्हायला म्हणे."

रेवतीचं पहिलं बाळ पंचवीस साली सहाव्या दिवशी गेलं. मुलगा होता. पुढे मुलगी झाली, ती आता आठवीत आहे. पण सोळा वर्षं सासूचं एकच चाललेलं, की हिनं उशीर केला. आता 'माग'चं पत्र आलं होतं. बाळाच्या रक्तातला जंतू दिलेल्या औषधाला दबणारा होता. औषध योग्य होतं. मृत्यूचं संभाव्य मुख्य कारण, दवाखान्यात आणण्यास विलंब. शक्यता एकाहत्तर टक्के.

"सकाळी सातला त्यानं दूध सोडलं," रेवती म्हणाली. आवाज एकदम साधा. जसं गावातल्या कोणत्याही बाळंतपणाचं सांगते तसा. "दहाला मी तुमच्या मेडिकल कॉलेजात होती. तीन घंटे. एवढ्या वर्षांत मी मनाला समजावलं होतं, की नाही, आपण वेळेवर गेलो. आता सासू म्हणते, पाह्य, मशीननंही सांगितलं." ती थोडी हसली. "मशीन कशाला खोटं बोलंल, नाही का मामा? त्याचं काय माझ्याशी वैर?"

मी चहा ठेवायला आत गेलो आणि गॅस न पेटवता तिथेच उभा राहिलो.

मशीन खोटं बोलत नव्हतं. जंतू औषधाला दबणारा होता, औषध बरोबर होतं, तरी बाळ गेलं, मग उरलं काय? उशीर. त्याच्या जागी मी असतो तरी हेच म्हटलं असतं. पण जंतू दबणारा होता, हे त्याला सांगितलं कोणी? आमच्या लॅबच्या रिपोर्टनं. ती डिश ओतली कोणी? मी.

*

चाचणी साधी असते. काचेच्या डिशमध्ये आगरचा, म्हणजे खरवसासारखा घट्ट थर ओतायचा. त्यावर पेशंटच्या रक्तातला जंतू सारवायचा आणि औषधात भिजवलेली कागदाची टिकली ठेवायची. दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती जंतू न उगवलेलं स्वच्छ कडं दिसतं. ते पट्टीनं मोजायचं. या इंजेक्शनसाठी कडं सतरा मिलिमीटर किंवा जास्त भरलं तर औषध लागू, कमी भरलं तर नाही.

पण थर चार मिलिमीटरचा पाहिजे. पातळ ओतला तर औषधाला खाली जायला जागा राहत नाही, ते बाजूला पसरतं, आणि कडं मोठं दिसतं. औषधाला भीक न घालणारा जंतूही मग गरीब वाटतो.

चार मिलिमीटरसाठी एका डिशला पंचवीस मिली लागतं. एकवीस साली साथीचा धुमाकूळ चालू होता, सगळ्यांचं लक्ष एकाच तपासणीकडे, आणि आमची आगरची पावडर येईना. तीन महिन्यांचे डबे सहा महिने पुरवायचे होते. बावीस पेपरवाले साहेब तेव्हा प्रमुख. म्हणाले, "इंगोले, आहे त्यात भागवा." त्यांचं काम झालं. मी अठरा मिली ओतायला लागलो. पुढे पावडर यायला लागली तरी हात अठरालाच थांबायचा. पाच वर्षं.

आता कोणी विचारेल, लॅबमध्ये हे पकडायला काही नसतं का? असतं. दर आठवड्याला एक ओळखीचा, पाळीव जंतू लावून बघायचा. त्याचं कडं ठरलेल्या आकड्यांत आलं तर चाचणी ठीक. त्याला कंट्रोल म्हणतात. आणि कंट्रोलची डिश मी पंचवीस मिलीची ओतायचो.

का? कारण तपासणीला येणारे लोक कंट्रोलचा आलेख बघतात. रेष सरळ असली की सही करून जेवायला जातात. आमच्या लाइनमध्ये हे नवीन नव्हतं. माझ्या आधीच्या टेक्निशियननं मला शिकवलं होतं, कंट्रोलची डिश मन लावून ओतायची. पाहुण्याला चांगलं ताट देतो तसं. पेशंट काय, घरचेच.

मला माहीत होतं का? होतं. थोडा फरक पडतो, एवढं माहीत होतं. या 'थोडा'वर मी पाच वर्षं झोपलो.

पण लिहिलं मात्र खरं. मीडिया रूमचं, म्हणजे आगर शिजवून ओतायच्या खोलीचं, रजिस्टर माझ्याकडे होतं. रोज एक ओळ: तारीख, किती डिश, 'पे. १८, कं. २५'. कोणी कधी उघडलं नाही. जुनी रजिस्टरं जाळायला काढली तेव्हा मी सहा उचलून घरी आणली, ट्रंकेत ठेवली. जन्मभर मी तेवढंच लिहिलं होतं. कसं जाळू देणार?

*

सोमवारी रजिस्टरं पिशवीत घालून मॅडमच्या केबिनमध्ये गेलो.

"या इंगोलेभाऊ! कचोरी आवडली का त्या दिवशी?" त्या उठून उभ्या राहिल्या. एवढं मात्र त्यांचं खरं होतं. मी आलो की उठायच्या.

मी पान उघडून समोर ठेवलं. बोट ठेवलं.

"पे. म्हणजे?"

"पेशंट."

"कं.?" त्यांनी विचारलं, आणि माझं उत्तर यायच्या आत खाली बसल्या. मॅडम हुशार. त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. पान उलटलं, मग पुढचं, मग दुसरं रजिस्टर.

"कंट्रोल वेगळा ओतला तुम्ही," त्या म्हणाल्या. "माझा सगळा विश्वास त्या कंट्रोलवर होता."

"हो."

"मला का नाही सांगितलंत? एवढ्या वर्षांत एकदाही?"

"तुम्ही मीडिया रूममध्ये कधी आलात, मॅडम? सतरा पावलांवर होती."

"हे उत्तर नाही इंगोले." भाऊ गळून पडला.

"नाही. उत्तर नाही. मी भ्यालो, हे उत्तर आहे. पण एक विचारू? तुमच्या पेपरात लिहिलंय, थराची जाडी चार मिलिमीटर. ते कोणाला विचारून लिहिलं?"

त्या हळू म्हणाल्या, "पद्धतीचा भाग आहे तो. पुस्तकातून घेतला. सगळे तसाच घेतात."

"मोजलं नाही."

"नाही मोजलं."

दोन खोटी समोरासमोर बसली होती. त्यांचं इंग्रजीत छापलेलं होतं, माझं पेल्यातून ओतलेलं.

मी रेवतीचं सांगितलं. लॅमिनेशनसकट. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे 'माग'मध्ये फक्त मूळ लेखकालाच घालता येतं," त्या म्हणाल्या. "म्हणजे मला. मी घातलं तर काय होईल माहीत आहे? समिती जाईल, ते जाऊ दे. पण याच आकड्याच्या जोरावर मी बारा जिल्ह्यांत नवजात कक्ष मागितलेत. ते थांबतील. तुमच्या रेवतीच्या गावातली बाळंही त्यात आहेत."

"मॅडम, आता मला बाळं दाखवू नका."

"मी धमकी देत नाहीये. हिशेब सांगतेय."

"मीही धमकी देत नाही. तुम्ही घाला, नका घालू. मी रेवतीला सांगणार आहे. ती सासूला सांगेल आणि सासू म्हणेल, मामा भाचीला वाचवतोय. माझ्या शब्दाला पत्राची किंमत नाही. तुमच्या आहे. म्हणून आलो."

त्या खिडकीशी गेल्या. परत आल्या.

"आधी बघू तर द्या. तुम्ही म्हणता म्हणून मी मान्य करणार नाही. त्या वर्षांचे जंतू उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये आहेत. दोन्ही थरांवर लावून बघते. स्वतः."

*

आणि खरंच स्वतः ओतलं. साठीतली बाई, ॲप्रन चढवून, फ्लास्क हातात. मी कोपऱ्यात स्टुलावर.

"बुडबुडे येताहेत मॅडम."

"दिसतंय मला."

"मनगट सैल सोडा. देवाला पाणी घालतो तसं."

"तुम्ही गप्प बसाल का?" पण पुढच्या डिशला मनगट सैल सोडलं.

चाळीस जंतू, प्रत्येकी दोन डिश. एक पंचवीस मिलीची, एक अठराची. नळ्यांवर नुसते नंबर होते. त्यातला एक, ११७४, मला पाठ होता. पंचवीस साली ती नळी भरताना मला बाळाचं नाव माहीत होतं. त्याचं कडं मीच मोजलं होतं आणि अठरा लिहिलं होतं. आनंदानं लिहिलं होतं. रेवतीला फोन करून सांगितलं होतं, घाबरू नको, औषध लागू आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम पट्टी घेऊन बसल्या. डिश पालथी धरायची, काळ्या कापडावर, उजेड तिरपा. एक आकडा बोलायच्या, मी लिहायचो.

"अकराशे चौऱ्याहत्तर. पातळ, अठरा." डिश बदलली. "जाड..." त्यांनी पट्टी दोनदा लावली. "चौदा."

माझं पेन थांबलं. त्यांनी वर बघितलं.

"हाच का?"

मी मान हलवली. त्यांनी डिश हळूच खाली ठेवली, झाकण लावलं, आणि पुढची घेतली. बरं वाटलं मला ते. सांत्वन केलं असतं तर मी उठून गेलो असतो.

चाळीसपैकी पातळ थरावर औषध लागू होतं बत्तीसांना. बरोबर ऐंशी टक्के, पेपरात छापलंय तसं. जाड थरावर एकवीस.

मॅडमनी हातमोजे काढले. "तुमचं अक्षर मशीनला लागणार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही वाचा, मी टाइप करते."

तीन दिवस आम्ही ते केलं. मी वाचायचो, त्या टाइप करायच्या. कुठे माझ्या अक्षरावर हसायच्याही. "हा दोन आहे की बदक?" पाच वर्षांच्या ओळी. शेवटच्या पानानंतर मशीननं विचारलं, नोंद करणाऱ्याचं नाव. मॅडमनी विचारलं नाही, पूर्ण नाव टाइप केलं. दामोदर सुखदेव इंगोले. बापाचं नाव त्यांना माहीत होतं, याचं मला आश्चर्य वाटलं.

मग त्यांनी बटण दाबलं. कोणाला फोन केला नाही, वकिलाला विचारलं नाही. दाबलं.

*

मशीनला चार तास लागले. तीन हजार चारशे बाराचे एकोणीसशे सहा झाले. औषध ज्यांना खरंच लागू होतं ती बाळं. खाली एक नवा रकाना उघडला, जो मॅडमच्या पानावर आधी नव्हताच. चुकीच्या अहवालामुळे दगावलेली बाळं, दोनशे चौसष्ट. त्या रकान्यावर दोन नावं होती. त्यांचं आणि माझं. पहिल्या रांगेतले पाच सहलेखक दुसऱ्याच दिवशी लेखी कळवून मोकळे झाले, की आमचा सहभाग नाममात्र होता. अठरा वर्षांत त्यांनी बोललेली पहिली खरी गोष्ट.

समिती गेली. नवजात कक्षांची फाइल थांबली. मॅडमनी ती पुन्हा सुरू केली, नवीन आकड्यांवर, सगळ्यात खालच्या पायरीपासून. आणि जुना पेपर मागे घेतल्याची सूचना जर्नलला पाठवली. दोन पानी. चूक कशी झाली, कोणत्या वर्षी, किती मिली. सूचनेवर दोन लेखक. पहिलं नाव इंगोले.

"माझं पहिलं का?" मी विचारलं.

"नोंद तुमची आहे. ती नसती तर हे कधीच कळलं नसतं."

"चूकही माझीच आहे."

"म्हणूनही."

चौतीस वर्षं मला एका पेपरवर नाव हवं होतं. तोंडानं कधी बोललो नाही, पण हवं होतं, जीव जाईल इतकं. ते असं आलं. बायको असती तर म्हणाली असती, घ्या, झालं समाधान?

नवीन पत्रं निघायला लागली. मॅडम म्हणाल्या, "पत्राच्या आधी माणूस गेला पाहिजे. मी येते तुमच्यासोबत रेवतीकडे."

"तुमच्याकडे दोनशे त्रेसष्ट घरं आहेत मॅडम. या घरी मी जातो."

बाकीच्या घरी त्या गेल्याही. अजून जातात. शनिवार-रविवार. एका घरातून त्यांच्या अंगावर चप्पल आली, हे त्यांनीच मला सांगितलं, आणि त्या घरी त्या पुन्हा जाणार आहेत हेही.

*

रेवती ओट्यावर गहू पाखडत होती. पत्र मी हातात घेऊन गेलो होतो. वाचायला दिलं नाही, आधी सांगितलं. सगळं. पावडरचे डबे, अठरा, पंचवीस, कंट्रोल, तो फोन.

सूप थांबलं. तिनं विचारलं, "फरक केवढा होता, मामा? थराचा?"

मी अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं. दोघांच्या मधून जेमतेम उजेड येत होता.

"एवढासा?"

"एवढासा."

ती त्या फटीकडे बघत राहिली. मग पुन्हा सूप उचललं, दोनदा पाखडलं, खाली ठेवलं.

"तुम्ही सांगितलं होतं, घाबरू नको म्हणून. मी घाबरली नव्हती. तुमच्या शब्दावर दुसऱ्या दवाखान्यात नेलं नाही त्याला."

मी हातातलं पत्र उघडलं.

"मी उशीर केला नव्हता ना?"

"नाही. पत्रात लिहिलंय. तीन तास, वेळेत."

तिनं पदरानं हात पुसले. डोळे कोरडे होते. माझ्याकडे बघत नव्हती. आतल्या दाराकडे तोंड करून म्हणाली, "सासूबाई, बाहेर या जरा. मामा आले."

म्हातारी काठी टेकत आली, खुर्चीत बसली. कान पुढे केला. भिंतीवर, कॅलेंडरच्या शेजारी, ते लॅमिनेट केलेलं पत्र खिळ्याला टांगलेलं होतं. रेवतीनं ते काढलं आणि पालथं करून सुपाखाली ठेवलं.

"वाचून दाखवा यांना," ती मला म्हणाली. "तुमच्या तोंडानं. मोठ्यानं, त्यांना कमी ऐकू येते. एकही शब्द गाळायचा नाही."

"रेवती..."

"आधी वाचा. तुमच्याशी बोलायचं का नाही, ते मी मग पाहीन."

मी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो. माझं नाव चौथ्या ओळीत होतं.